धरलेली जागा

४ नोव्हेंबर २००३, जुन्नर

कंपनीने दिवाळीला मिठाईऐवजी ही डायरी दिली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर शेतकऱ्यांसाठी एक सूचना छापली आहे. आजची द्राक्षावरच्या भुरीबद्दल आहे. भुरीचं भुरी बघून घेईल, मी माझं लिहिणार आहे, कारण आजपासून मी जुन्नरकर. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके, पिकांच्या औषधांची विक्री आणि दिमतीला कंपनीची पांढरी व्हॅन. याला बढती म्हणतात. सासुरवाडीत तरी मी तसंच सांगितलंय.

अट एकच आहे. व्हॅनमध्ये औषधांचे खोके असतात, म्हणून ती रात्री छपराखाली आणि कुलपात हवी. तशी जागा मिळाली नाही तर महिनाअखेर व्हॅन परत, आणि मी, अमृतराव, मोटारसायकलवर. इकडे श्रेयाने साताऱ्याहून बजावलंय की पाच महिन्यांच्या पोरीला घेऊन ती मोटारसायकलवर बसणार नाही. घर आणि गाडी दोन्ही असेल तरच ती येणार. समृद्धीला ती जन्मल्यापासून मी दोनदाच पाहिलंय, आणि दुसऱ्यांदा ती मला परका समजून रडली. मला ते फार लागलं. तेव्हा पार्किंगवालं घर मिळायलाच हवं.

तूर्त लॉजवर आहे. जेवण झकास आहे, मासवडी खाल्ली. गाव आवडलं.

७ नोव्हेंबर

घरं भरपूर आहेत, पार्किंग नाही. पेठेतल्या गल्ल्यांत व्हॅन आरसे मिटून आत शिरते आणि बाहेर येताना अख्खी गल्ली सल्ले देते. आज एकाने पार्किंग म्हणून गोठा दाखवला. आत गाभण म्हैस होती. तिचं होईपर्यंत सांभाळून घ्या, म्हणाला. दुसऱ्याकडे जागा ऐसपैस, पण छपरापर्यंत कांदा रचलेला. भाव चढला की जागा मोकळी, असं त्याने सांगितलं. म्हणजे समृद्धी शाळेत जाईपर्यंत थांबा. तिसरा भेटला तो पेठ गावचा. तिकडे पुणे-नाशिक रस्त्यालगत राहा म्हणाला, पार्किंगला पाहिजे तेवढं माळरान. छपराचं विचारलं तर त्याने वर आभाळाकडे हात केला. असा हसलो की त्याचा चहा प्यायलो आणि त्याला दोन नमुने फुकट देऊन आलो.

९ नोव्हेंबर

आज एक गंमत बघितली. रेशन दुकानासमोर रॉकेलची रांग होती आणि रांगेत माणूस एकही नव्हता. कॅन, डबे, एक तुटकी चप्पल आणि बाकी सगळे दगड. माणसं समोरच्या झाडाखाली निवांत. व्हॅन वळवायला जागा हवी म्हणून मी एक दगड पायाने सरकवायला गेलो, तर झाडाखालून चारपाच जण एकदम उभे राहिले. त्यांतला एक टोपीवाला, पन्नाशीतला माणूस जवळ आला. नाव कुंडलिक. रागावला नाही. समजावून सांगितल्यासारखं बोलला.

"दगड म्हंजी माणूसच हाये बघा त्यो. ज्यानं हलवला, त्यानं त्या जागंवर ऱ्हायाचं, मालक येस्तवर. आमच्याकडं आसंच हाये, राव."

मी माफी मागितली. मग पावणं कुठलं, काय शोधताय अशी चौकशी झाली, आणि निघालं काय, तर या कुंडलिकरावांनी गावाच्या कडेला स्वतःच्या वावरात तीन मजली इमारत बांधली आहे. खाली पार्किंग आहे. लोखंडी गेट आहे. गेटला कुलूप आहे. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

११ नोव्हेंबर

घर मिळालं! दुसरा मजला, दोन खोल्या, गॅलरीतून शिवनेरी समोर. खाली खांबांमध्ये गुळगुळीत कोब्याचं पार्किंग, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये चारचाकी माझी एकटीच.

पार्किंगमध्ये मधोमध एक काळा दगड आहे, घागरीएवढा. तो काढायला सांगणार तेवढ्यात तळमजल्यावरच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. साळुबाई, कुंडलिकरावांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ, धर्माजी, प्रवासी जीप चालवायचा. या इमारतीच्या वास्तुशांतीला पाहुण्यांच्या गाड्यांची गर्दी झाली, तेव्हा तो तळेघरहून म्हाताऱ्या आत्याला आणायला निघाला आणि बायकोला म्हणाला, माझी जागा धर, आलोच. बाईंनी दगड ठेवला. तो तळेघरला पोचलाच नाही. दऱ्या धुंडाळल्या, धरणाकाठी माणसं फिरली, पण माणूस नाही की जीप नाही. त्यालाही बरीच वर्षं झाली. बाई अजून कुंकू लावतात.

"बाकी समदी जागा तुमची, भाऊ. दगड तेवढा हलवू नगा. जागा धरलेली हाये."

वाईट वाटलं. नाही हलवणार म्हणालो. श्रेयाला फोन केला. ती इतकी हसली की बूथवाल्यालाही ऐकू गेलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरत, म्हणजे माझा मेहुणा, तिला आणि पोरीला जीपने आणून सोडणार आहे.

१६ नोव्हेंबर

राहायला आलो. पाळणा टांगायला छताला कडी आहे, हे आजच लक्षात आलं. साळुबाईंनी पिठलं-भाकरी पाठवली. संध्याकाळी त्या तांब्याभर पाणी आणून दगडावर हळूच ओततात आणि पदराने पुसतात. गाडी धुतल्यासारखं नाही, माणसाचं तोंड धुवावं तसं.

अडचण एक आहे. दगडामुळे व्हॅन पूर्ण आत जात नाही, मागचा भाग बाहेर राहतो, गेट लागत नाही. कुंडलिकराव साखळी लावून घ्या म्हणाले.

१९ नोव्हेंबर

ऑफिसचा निरोप आला. साहेब परवा पार्किंग बघायला येणार. गेट बंद दिसलं नाही तर व्हॅन सोबतच घेऊन जाणार. म्हणजे श्रेयाचं येणं रद्द.

दुपारी सगळे कांद्याच्या लागणीला वावरात होते. मी खाली गेलो आणि दगड उचलला. जड होता, पण मला वाटला होता त्याहून कमी. भिंतीशी नेऊन ठेवला, त्याच्या जागेपासून चार पावलांवर. साहेब गेले की परत जागेवर ठेवायचा, कुणाला कळायचंही नाही. व्हॅन आत घेतली. गेट लागलं. काय सुरेख आवाज झाला कुलपाचा!

दगड खालून गरम होता. सावलीत असून. माझ्या बोटांना मुंग्या आल्यात, वजनाने असणार.

२१ नोव्हेंबर

साहेब खूश. व्हॅन माझ्याकडेच राहिली.

ते गेल्यावर दगड परत ठेवायला गेलो तर भिंतीशी दगड नाही. पार्किंग, विहीर, बांध, सगळं पाहिलं. परत आलो तेव्हा नळाला तोंड लावून एक माणूस पाणी पीत होता. अंगभर धूळ, शर्टाच्या घड्या करकरीत, जशा काही कित्येक महिन्यांत हलल्याच नाहीत. बराच वेळ प्यायला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं की धर्माजी आले का. मी नाही म्हणालो.

"मग तुमी हायेच," म्हणाला आणि गेटातून स्टँडकडे चालू लागला. पाय नवीन असल्यासारखा चालत होता.

संध्याकाळी साळुबाई तांब्या घेऊन आल्या. मोकळी जागा बघितली. मी सगळं खरं सांगितलं, दुसरा दगड आणून देतो म्हणालो. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या पायरीवर बसल्या आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या. पाणी त्यांनी ओतलं नाही.

बोटांची टोकं बधिर आहेत. चहाचा ग्लास गरम आहे की गार, ओठाला लावल्यावर कळतं.

२४ नोव्हेंबर

कुंडलिकराव पेढा घेऊन वर आले. माझ्या आधी या खोल्यांत सुभाष नावाचा तळेघरचा माणूस राहायचा, दूध डेअरीत सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल पार्किंगमध्ये सोडून नाहीसा झाला होता. पोलिसांत तक्रार झाली, आईने अंथरूण धरलं. तो परवा आपल्या पायांनी घरी आला म्हणे. कुठे होता ते सांगत नाही, नुसता भात खातो. सगळ्यांना आनंद झालाय.

मी पेढा खाल्ला. गोड लागला असणार. दोन्ही हात मनगटापर्यंत गेलेत. डॉक्टरने गोळ्या दिल्या, औषधांच्या खोक्यांमुळे असेल म्हणाला.

२६ नोव्हेंबर

तळेघरला गेलो. कामाच्या नावाखाली. भाताची झोडणी चालू होती. नळावरचा माणूस तोच, सुभाष. त्याची आई सखूबाई त्याला सारखी बस म्हणत होती, पण तो बसेना. उभाच होता.

मी त्याला बाजूला घेतलं. मोटारसायकल नीट लागेना म्हणून त्यानेही तो दगड उचलून बाजूला ठेवला होता. तेव्हाही आधीचा दगड गायब झाला होता, आणि नंतर तोच त्या जागी बसला. लोक त्याला शोधत त्याच्याच बाजूने जायचे. आईसुद्धा एकदा येऊन गेली. सगळं त्याने पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

"आदी बोटं जात्यात. मंग पाय. मंग काय वाटंनासंच व्हतं. त्ये बरं असतंय, तुमी भिऊ नगा."

सुटलास कसा, विचारलं. मी वेडा आहे असं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी उचललं न्हाई का?"

मी घाबरलो आहे. हे लिहून ठेवतो, कारण येताना घाटात बराच वेळ मी अजिबात घाबरलेलो नव्हतो, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

२९ नोव्हेंबर

सातारा गाठायचं ठरवलं. खोलीला कुलूप, बॅग व्हॅनमध्ये. पुढचं नीट लिहितो.

नारायणगाव गेलं. मंचर गेलं. पेठला टपरीवर थांबलो. तो माळरानवाला भेटला, हसून हात केला. चहा सांगितला. पोऱ्या ग्लास घेऊन येताना दिसला. मी हात पुढे केला आणि हात कोब्यावर टेकला. मी पार्किंगमध्ये बसलो होतो, मधोमध. व्हॅन जागच्या जागी, इंजिन गार.

उठता आलं, पण वेळ लागला.

१ डिसेंबर

बूथवर गेलो. गुडघ्याखाली पाय आहेत, हे बघून कळतं. श्रेयाला सांगायचं ठरवून गेलो होतो की येऊ नकोस, कधीच येऊ नकोस. तिने हॅलो म्हटलं. मी म्हणालो, पार्किंग छान आहे. ती म्हणाली रविवारी निघतोय. येऊ नकोस हे शब्द तोंडात होते. मी म्हणालो, दूध वरच्या मजल्यावर येतं. मी म्हणालो, पाळण्याला कडी आहे. तिने विचारलं, आवाज असा का येतोय. मी म्हणालो, पार्किंग छान आहे.

परत येताना रडू येईल असं वाटलं. वाट बघितली. आलं नाही.

३ डिसेंबर

खाली आहे. सकाळी उतरलो ते आता वर जाता येत नाही. डायरी मांडीवर आहे. पेन हातात आहे.

साळुबाई येऊन समोर टेकल्या. त्यांना मी दिसतो. म्हणाल्या, नवरा गेल्यापासून त्यांनी एवढंच एक काम केलंय, जागा सुटू दिली नाही. सुटली तर तो येणार कुठे? एकदा रडल्या.

"माजा इलाज न्हाई, भाऊ. धनी येस्तवर बसा."

मग पाणी ओतलं. माझ्या डोक्यावरून. पदराने पुसलं. ओलं दिसलं, लागलं नाही.

४ डिसेंबर

कुंडलिकराव मला शोधतायत. वर जाऊन दार वाजवलं. खाली आले, माझ्या शेजारी उभे राहून तंबाखू मळली. बोटाला राहिलेला चुना माझ्या खांद्याला पुसला. मी हाक मारली. मारली असं मला वाटतं.

त्यांना माझी काळजी वाटतेय. चांगला माणूस आहे.

५ डिसेंबर

एक कुत्रं टेकून झोपलं. दिवसभर. हललं नाही, मीही.

छातीपर्यंत आलंय. समृद्धीचा चेहरा आठवून बघितला. आठवतो. पण त्याने काही होत नाही. फोटो दुसऱ्याच्या घरातला असावा तसं —

६ डिसेंबर

उद्या येणार. कुणी मला हात लावू नये. कुणीही. श्रेयाने तर —

हे परत लिहितो, विसरू नये म्हणून. श्रेयाने हात लावू नये. तिने हात लावला तर ती इथे आणि पोर —

लिहिलं. वाचलं. बरोबर आहे. वाटत काहीच नाही.

७ डिसेंबर, रविवार

जीप गेटाशी. भरत. श्रेया हिरव्या साडीत, पोर कडेवर. मोठी झालीय.

कुंडलिकराव टोपी हातात घेऊन सांगतायत, तुमचे मालक चार दिवस दिसले नाहीत, गाडी इथेच आहे, सामान इथेच आहे, पोलिसांत कळवलंय. ती उभ्याउभ्या ऐकते. पडेल असं वाटलं. पडली नाही. म्हणाली, ते येईपर्यंत मी इथेच राहणार.

मी तिच्या पायाशी आहे.

पोर रडली. श्रेया टेकली. माझ्यावरच. पाजतेय. तिचं वजन — असेल. तिचे अश्रू पडले असतील, ओले डाग दिसतायत.

साळुबाई दारात. त्यांनी सांगायला हवं. त्या श्रेयाकडे बघतायत. तोंड उघडलं. मिटलं. आत गेल्या.

भरतला जीप आत घ्यायची आहे. व्हॅन सरकवू म्हणतो, चावी कुठाय. नको, म्हणते ती. त्यांची गाडी हलवायची नाही, त्यांनी लावलीय तशीच राहू दे. हा दगडच काढू.

पोर भरतकडे दिली.

नाही म्हणायचं आहे. मला माहीत आहे. कालच्या पानावर लिहिलंय. वर आहे, दिसतंय.

पदर खोचला. वाकली. दोन्ही हात खाली —

ऊब. तिच्या तळव्यांची. लागली. लागतेय. श्रेया, किती दिवसांनी मला —

उचल. उचल गं. अजून थोडं, उच